थंड बल्बचा रोध आणि माझा १,३९२ वॅटचा दिवा

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला येणाऱ्यांना ओहमचा नियम नव्याने सांगण्याची गरज नसते. व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, हे शाळेतच पाठ झालेले असते. मला मात्र हे दोन हिशेब प्रत्यक्ष मीटरवर जुळवताना फार झगडावे लागले, आणि त्यातले जवळजवळ तीन आठवडे एकाच चुकीने खाल्ले.

त्या चुकीची सुरुवात बरोबर आलेल्या उत्तराने झाली. वर्कशॉपमध्ये १,००० वॅटची एक इस्त्री होती. तिचा प्लग काढून, मल्टीमीटर ओहमवर ठेवून मी पिनांमधला रोध मोजला, तो ५२ ओहम भरला. करंटच्या जागी व्होल्टेज भागिले रोध घातले की शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणून सप्लायच्या २३० व्होल्टच्या वर्गाला, म्हणजे ५२,९०० ला, ५२ ने भागल्यावर १,०१७ वॅट आले. सप्लाय न देता, करंट मोजणारा अ‍ॅमीटर न जोडता शक्ती काढता येते, याचा मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी हीच पद्धत मी बल्बवर वापरली. रोध ३८ ओहम आला. त्यावरून ६.०५ अँपिअर करंट आणि १,३९२ वॅट शक्ती, असे मी जर्नलमध्ये शाईने लिहून टाकले. शिल्पनिदेशक सरांनी ते पान वाचले, बल्ब माझ्या हातात दिला आणि काचेवर काय छापले आहे ते मोठ्याने वाचायला सांगितले. १०० वॅट, २३० व्होल्ट. “मग वहीत शेगडी कुठून आली?” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी आधी मीटरवर संशय घेतला. सेल बदलला, लीड बदलल्या, दुसरे मीटर मागून आणले. आकडा ३७-३८ च्या पुढे सरकेना. शेवटी सरांच्या देखरेखीखाली अ‍ॅमीटर सिरीजमध्ये आणि व्होल्टमीटर पॅरलल जोडून तोच बल्ब पेटवला, तेव्हा २२८ व्होल्ट आणि ०.४३ अँपिअर दिसले. गुणाकार ९८ वॅट, भागाकार ५३० ओहम. एकाच बल्बचे दोन रोध, तेही जवळजवळ चौदा पटींच्या फरकाने.

कारण असे की बल्बची तार टंगस्टनची असते, पेटल्यावर ती सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापमानाबरोबर तिचा रोध वाढत जातो. मल्टीमीटर अगदी क्षीण करंट सोडून रोध मोजतो, त्यामुळे तार थंडच राहते आणि मीटर थंड तारेचा रोध सांगतो. इस्त्रीतल्या नायक्रोमचा, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या तारेचा, रोध तापल्यावर थोडाच बदलतो, म्हणून तिथे माझी पद्धत निभावली. व्हेरिएकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ११५ व्होल्ट ठेवून पाहिले तेव्हा करंट ०.२९ अँपिअर होता, म्हणजे रोध ४०० ओहमच्या जवळ आणि शक्ती ३३ वॅट. निम्म्या व्होल्टेजला पाव शक्ती, म्हणजे २५ वॅट, हे पाठ केलेले उत्तर रोध कायम राहिला तरच खरे ठरते. सूत्र तिन्ही वेळा बरोबरच होते. व्होल्टेज, करंट आणि रोध हे तिन्ही आकडे त्याच वस्तूचे, त्याच क्षणाचे आणि त्याच तापमानाचे असावे लागतात, हे मी पाहिले नव्हते. थंड तारेचा रोध आणि पेटत्या तारेचे व्होल्टेज एका सूत्रात घालू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगत आहे, कारण मलाही ते एकदा ऐकून कळले नव्हते.

ओहमच्या नियमाची तीन अक्षरे मांडून, हवे ते बोटाने झाकून सूत्र काढायचा तो त्रिकोण मला आजही आवडत नाही. कोणते अक्षर कुठे मांडायचे ते तो सांगतो. आकडा कुठून घ्यायचा ते सांगत नाही. “सूत्र घोकून टाक, प्रॅक्टिकलमध्ये मार्क मिळतातच,” असे सांगणाऱ्या सीनियरांचे मी बरेच ऐकले आणि त्याची किंमतही मोजली.

चालू सर्किटवर ओहम कधीही मोजू नका. मीटरची लाल लीड १० अँपिअरच्या छिद्रात राहिली असताना सॉकेटचे व्होल्टेज मोजायला जाल, तर तो थेट शॉर्ट सर्किट होईल आणि मीटरबरोबर हातही भाजेल. उत्तर चुकले तर मात्र घाबरण्यासारखे काही नाही. वस्तूवर छापलेल्या वॅटशी ते ताडून पाहिले की चूक बहुतेक वेळा लगेच सापडते. पंख्याचा किंवा मोटरचा हिशेब करताना व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट होत नाहीत, तिथे पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे एकपेक्षा लहान अशा एका गुणकानेही, गुणावे लागते. आणि एलईडी दिव्याच्या टोकांवर ओहम मोजण्यात काही अर्थ नाही, कारण मध्ये ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला सप्लाय देणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, असतो.

तारेचे जुने बल्ब मिळाले तर ४० वॅटचा आणि १०० वॅटचा सिरीजमध्ये जोडून पाहा. छापील वॅटवरून रोध काढला तर १०० वॅटच्या बल्बवर जवळपास ६६ व्होल्ट यायला हवेत. मी मोजले तेव्हा चाळीसच्या आसपास आले, कारण त्याची तार जेमतेम लाल झाली होती. या वेळी मीटरचा सेल बदलायला मी गेले नाही.