गुलाबाला मुलगी दिली: क्लासिकल ख्रिश्चन शाळेत मधूनच घुसणाऱ्यांसाठी

नववीत लॅटिनची पहिली क्विझ आली तेव्हा अख्ख्या वर्गात सगळ्यात निवांत मी होते, आणि तिथंच माती खाल्ली. आठवीपर्यंत नगरला मराठी शाळेत, मग बाबांच्या नोकरीमुळे थेट टेक्सास, डॅलसजवळच्या एका क्लासिकल ख्रिश्चन शाळेत, म्हणजे लॅटिन आणि जुने अभिजात ग्रंथ शिकवणाऱ्या ख्रिस्ती शाळेत. आम्ही ख्रिश्चन असल्यामुळे ॲडमिशनचा फॉर्म, पास्टरचं पत्र वगैरे अडलं नाही. (काही शाळा आईबाबांपैकी किमान एकाची श्रद्धा लेखी मागतात, काहींना चालतं, आधीच विचारा.) व्याकरण, तर्क, वक्तृत्व हे शिक्षणाचे तीन टप्पे, त्यावरचं इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्सचं १९४७ चं भाषण, हे सगळं ओपन हाऊसला (शाळा दाखवतात त्या दिवशी) ऐकलं असेलच, ते परत सांगत नाही. फक्त एक लक्षात घ्या, तिथली पोरं तिसरीपासून लॅटिनचे तक्ते गाण्यासारखे म्हणत आलेली असतात आणि आपण डायरेक्ट तिसऱ्या टप्प्याच्या दारात उभे असतो.

तर लॅटिन. मला वाटलं आपलं संस्कृत झालंय, माला शब्द झोपेत म्हणता येतो, हे तर सोपंय. वरून द्विवचन नाही! आनंदाने रात्री अकरापर्यंत पुएल्ला, पुएल्ले, पुएल्ले, पुएल्लाम, पुएल्ला घोकलं. क्विझमध्ये वाक्य होतं, 'आग्रिकोला पुएल्ले रोझाम दात'. आग्रिकोला म्हणजे शेतकरी, पुएल्ला मुलगी, रोझा गुलाब, दात म्हणजे देतो (आपलं ददाति, बघा किती जवळचं). पुएल्ले मला तक्त्यात दुसऱ्या ओळीत दिसलं म्हणजे द्वितीया, रोझाम चौथ्या ओळीत म्हणजे चतुर्थी. मी लिहिलं, शेतकरी गुलाबाला मुलगी देतो. टीचरने लाल पेनाने शेजारी छोटा गुलाब काढला आणि २० पैकी ६. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, मग स्थळ चांगलं होतं का?

आता हे नीट वाचा, कारण संस्कृत करून आलेला प्रत्येक जण इथं आपटतो. आपण विभक्त्या नंबरने ओळखतो, आणि अमेरिकन पुस्तकातला क्रम वेगळाय. पहिली ओळ प्रथमा, तेवढी जुळते. दुसरी ओळ षष्ठी, म्हणजे 'मुलीचा'. तिसरी ओळ चतुर्थी, जिला द्यायचं ती. चौथी ओळ द्वितीया, म्हणजे जे द्यायचं ते कर्म. पाचवी ॲब्लेटिव, जी एकटीच आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी असा तिघींचा संसार सांभाळते. म्हणजे रोझाम कर्म, पुएल्ले चतुर्थी, शेतकरी मुलीला गुलाब देतो, सरळ गोष्ट. त्यात पुएल्ले हे रूप षष्ठीचंही, चतुर्थीचंही आणि अनेकवचनी प्रथमेचंही, म्हणजे नुसतं तक्त्यात शोधून उत्तर मिळतच नाही, वाक्यातलं क्रियापद बघावं लागतं. आणि मराठीत विचार करून चूक सापडेल म्हणाल तर तेही नाही, कारण आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थी दोन्हीला 'ला'च लागतो. यूट्यूबवर ब्रिटिश चालीचे तक्ते ऐकू नका, त्यांचा क्रम अजून तिसराच. उच्चारही शाळेला विचारून घ्या, आमच्याकडे चर्चवाले उच्चार होते, काही ठिकाणी तेच पुएल्ले 'पुएल्लाय' होतं.

मी काय केलं, तर तक्ता फाडला. खरंच फाडला, पाच चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर नंबर नाही तर कामाचं नाव. करणारा, कोणाचा, कोणाला, काय, कशाने-कुठून-कुठे. रोज दहा वाक्यं, उलटसुलट क्रमाने. नोव्हेंबर उजाडला सुधारायला. पेड ट्यूटर लावला होता दोन महिने, पैसे पाण्यात, तो फक्त होमवर्क करून द्यायचा. त्यापेक्षा शाळेतल्या माझ्या हाऊसमधली बारावीची एक मुलगी लंचला पंधरा मिनिटं बसायची, तिने जास्त शिकवलं. माझं स्पष्ट मत आहे, सीनियर पकडा, ट्यूटर नको.

ह्युमॅनिटीजच्या (साहित्य-इतिहासाच्या) तासाला वेगळीच पंचाईत. गोल टेबल, समोर होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड, आणि टीचर बोलतच नाहीत, एक प्रश्न टाकून गप्प. मी तीन आठवडे विचारलं तरच बोलायचं म्हणून गप्प बसले आणि पार्टिसिपेशनचे मार्क गेले. वर पुस्तकाच्या मार्जिनमध्ये काय लिहिलंय ते तपासतात! आपल्याकडे पुस्तकात रेघ ओढली की पाठीत धपाटा, इथं कोरं पुस्तक म्हणजे वाचलंच नाही. पेन्सिलने पानागणिक एक प्रश्न लिहा, बस, तोच वर्गात विचारायचा. ऑनलाइन सारांश वाचून जाऊ नका, प्लीज. कोण मेलं ते कळतं, पण त्यातला नायक अकिलीज रुसून का बसला यावर पंचेचाळीस मिनिटं बोलायचं असतं, तिथं उघडे पडता. मी पडलेय.

चॅपलचं, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनासभेचं, टेन्शन घेऊ नका. आठवड्यातून एकदा, टाय-ब्लेझर. चार सुरांतली गाणी यायची नाहीत तेव्हा मी मनात आजीची ती ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे, कोणाला कळलं नाही. एकटं मात्र वाटतं. वर्गात अठरा मुलं, त्यातली बारा केजीपासून एकत्र, त्यांचे जोक कळायला वर्ष लागतं.

बारावीचा थीसिस मोठा, लिहायचा आणि पॅनलसमोर उभं राहून डिफेंड करायचा. मी पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलवर घेतला. पहिल्या ड्राफ्टमध्ये नुसती माहिती होती, ॲडव्हायझर म्हणाले, यात भांडण कुठंय? मी चिडले, रडले, पण बरोबर होतं, माहितीला कोणी विरोध करत नाही आणि विरोध नसेल तर डिफेंड काय करणार. विषय अकरावीच्या उन्हाळ्यातच ठरवा.

कॉलेजचं म्हणाल तर शाळा सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) या प्रवेश परीक्षेचं कौतुक करेल. २०१५ ला सुरू झालेली, १२० मार्कांची, २०२३ पासून फ्लोरिडाच्या सरकारी युनिव्हर्सिट्या तिचे मार्क स्वीकारतात. पण सगळीकडे चालत नाही, नेहमीची प्रवेश परीक्षा एसएटी पण द्याच. एपी कोर्स (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय) कमी असतात, इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस कुठपर्यंत शिकवतात ते ॲडमिशनच्या आधी विचारा. मी विचारलं नाही, आणि पहिल्या सेमिस्टरला त्याचे भोग भोगले.

हां, आणि संस्कृत वाया जात नाही. दहावीत 'उर्बे काप्ता' आलं, शहर घेतलं गेल्यावर, वर्गात सगळे डोकं धरून बसलेले. मी नगरच्या मावशीला, ती संस्कृत शिकवते, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, अगं ही तर आपली 'अमुक झाल्यावर'वाली सति सप्तमी, फक्त कपडे ॲब्लेटिवचे.