दोघांनी मोटरहोम घेऊन नेब्रास्काच्या गुरांच्या मुलखात कसं फिरावं

सँडहिल्समध्ये रस्ता तेवढा सगळ्यांचा. त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी तार, आणि तारेपलीकडचं कुरण, तळं, पवनचक्की, झाडाची सावली, सगळं कुणाच्या तरी मालकीचं आणि रोजच्या कामाचं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या या भागात फिरायला जाणाऱ्याने एवढं मनाशी पक्कं केलं की बाकीची तयारी कशी करायची ते आपोआप कळत जातं. हॉटेलं फार थोडी, गावं लांब लांब. म्हणून स्वतःचं पाणी, चूल, बिछाना आणि संडास बरोबर नेणारी मोटरहोम इथे फार उपयोगी पडते. ओमाहा, शिकागो, डेन्व्हरकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी, किंवा मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी दोघांनीच ही सफर जरूर करावी, असं मला मनापासून वाटतं.

वाळूच्या टेकड्यांवर गवत उगवून हा प्रदेश तयार झाला आहे. क्षेत्र सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. इथल्या एकट्या चेरी काउंटीचा विस्तार जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढा आहे आणि वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. या वाळूत पीक नीट येत नाही, गवत मात्र उत्तम येतं. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे एकेका कुटुंबाला ६४० एकर जमीन देऊ केली, पण तेवढ्यावरही बहुतेकांचा निभाव लागला नाही. हळूहळू जमिनी एकत्र होत गेल्या आणि आजची मोठमोठी रँचेस, म्हणजे गुरं पाळायची खासगी कुरणं, उभी राहिली.

वाट आणि महिना

पहिल्या सफरीसाठी ही वाट घ्या. ओमाहाहून आय-८० महामार्गाने ग्रँड आयलंड. तिथून हायवे २ धरून ब्रोकन बो, हॅल्सी, थेडफर्ड, मलन. मलनहून हायवे ९७ ने उत्तरेला मेरिट जलाशय आणि व्हॅलेंटाइन. मग ओमाहाला परत. एकूण सातशे मैलांच्या आसपास. ग्रँड आयलंड ते अलायन्स हा हायवे २ चा पूर्ण पट्टा २७२ मैलांचा आहे. अलायन्सला जुन्या मोटारी उभ्या करून रचलेलं 'कारहेंज' आहे, पण तेवढ्यासाठी वाट लांबवू नका. हॅल्सीजवळचं बेसी जंगल मात्र चुकवू नका. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९०२ पासून या उघड्या टेकड्यांवर माणसांनी हातांनी झाडं लावली. त्याच जंगलात वीजजोडणी असलेला कॅम्पग्राउंड आहे.

रोज दीडशे मैलांहून जास्त चालवू नका. ओमाहा सोडतानाचा आणि परतीचा दिवस एवढाच अपवाद. सात-आठ दिवस हाताशी ठेवा.

महिना निवडायचा तर मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये टेकड्या हिरव्यागार असतात आणि गायींबरोबर वासरं दिसतात, पण दुपारी गारांची वादळंही येतात. सप्टेंबरात गवत तांबूस होतं, डास कमी होतात, हवा स्थिर असते. माझी पसंती सप्टेंबरला. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठायला लागतं आणि गाडीचे पाइप सांभाळण्यातच जीव जातो.

गाडी केवढी घ्यावी

दोघांना २५ फुटांपर्यंतची क्लास सी गाडी पुरते. ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला पलंग असतो, ती ही. ३० फुटी गाडीत ऐसपैस वाटतं, पण लहान गावातल्या पेट्रोल पंपावर वळवताना दोघांचेही हात भरून येतात. भाड्याने घेताना करार नीट वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची मनाई असते, मैलांचं आणि जनरेटरच्या तासांचं भाडं वेगळं लागतं, अंथरूण-भांडीही वेगळी. भारतातून आलेल्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून आणावा. तो एक वर्ष चालतो.

ही गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे या वाटेला ७० ते ९० गॅलन पेट्रोल. टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या गावात भरा. ब्रोकन बोच्या पश्चिमेला पुढचा पंप उघडा असेलच, हे गृहीत धरू नका. आणखी एक, अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची असते. आपल्या सवयीने हात पेट्रोलच्या गाडीला भलतीच नळी लावू शकतो, म्हणून वाचूनच लावा.

आधी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव

गाडी ताब्यात घेतली की तासभर मोकळ्या पार्किंगमध्ये घालवा. दोघांनीही चालवून पाहा. एकालाच चालवता येत असेल आणि त्याला ताप आला, तर पंचवीस मैलांवरचं गावही फार लांब होतं. मागचं चाक आणि गाडीचा शेवट यांच्यात बरीच लांबी असते. डावीकडे वळताना गाडीची शेपटी उजवीकडे झुलते आणि पंपाच्या खांबाला लागते. वळण घेण्याआधी सरळ थोडं पुढे जायची सवय लावा.

मागे घेताना एकाने खाली उतरायचं. उतरलेल्याने चालकाच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. आरशात माणूस दिसेनासा झाला की चालकाने तिथल्या तिथे थांबायचं, हा नियम आधी ठरवून घ्या. थांबा, डावीकडे, उजवीकडे, ये, एवढ्या चारच खुणा. सँडहिल्समध्ये फोनला अनेकदा रेंज नसते, म्हणून दोन साधे वॉकीटॉकी घ्या. नवरा-बायकोचे अर्धे वाद गाडी मागे घेतानाच होतात, ते या दोन वस्तूंनी टळतात.

कामंही वाटून घ्या. आमच्यात एकाकडे बाहेरचं: वीज, पाणी, टाक्या, टायरची हवा. दुसऱ्याकडे आतलं: कपाटांच्या कड्या, फ्रिज, खिडक्या, सुटी भांडी. निघताना दोघांनी मिळून गाडीभोवती एक फेरी मारायची. वायर काढली का, पायरी आत घेतली का, ऑनिंग (गाडीच्या बाजूला बाहेर पसरणारं कापडी छत) गुंडाळली का, गॅस बंद केला का. मगच किल्ली फिरवायची.

चूल, किराणा आणि वीज

भारतीय किराणा ओमाहातच भरा. पुढच्या गावांतल्या दुकानांत बटाटे, कांदे, दूध, अंडी, ब्रेड मिळतो. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला मिळणार नाही. हा बीफचा मुलूख आहे. गावातल्या कॅफेत शाकाहारी माणसाला अंडी, बटाटे, 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि कॉफी यांवर भागवावं लागतं. 'मी मांस खात नाही' एवढं हसून सांगावं, पुढे चर्चा करू नये. समोरच्याचं घर त्याच्यावरच चालतं.

लहान प्रेशर कुकर अवश्य न्या. खिचडी, वरणभात, उसळ एका शेगडीवर होते. फोडणी देताना वरचा पंखा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म ओरडत राहतो. तेलकट भांडं आधी कागदाने पुसून मगच धुवा, तेल सांडपाण्याच्या टाकीत जाऊन वास धरतं.

कॅम्पग्राउंडवर बहुधा ३० अँपिअरची जोडणी मिळते. १२० व्होल्टवर ती ३६०० वॅट होते. एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलं की ब्रेकर पडतो. पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. चटण्या घरीच कोरड्या कुटून न्या.

तीन टाक्या

एक टाकी स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती तिसरीची वाटते. काम मात्र ठरावीक क्रमाचं आहे. हातमोजे घाला. डंप स्टेशनच्या (टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागेच्या) तोंडात आणि गाडीला पाइप घट्ट बसवा. आधी संडासाची टाकी उघडा. ती पूर्ण रिकामी झाली की सांडपाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. मग दोन्ही झडपा बंद करून पाइप काढा. मुक्कामात पाइप जोडलेला असला तरी संडासाची झडप बंदच ठेवा. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं, घाण तळाशी थिजते. टाकी निम्म्याहून जास्त भरली की मगच सोडा. प्यायच्या पाण्याची नळी वेगळी, वेगळ्या पिशवीत.

रस्त्याकडेला एक थेंबही सोडू नका. या वाळूखाली ओगलाला हा प्रचंड भूजलसाठा आहे. टेकड्यांमधल्या सखल जागी तो वर येऊन तळी होतात. गुरं आणि माणसं दोघंही तेच पाणी पितात.

रात्रीचा मुक्काम

पश्चिमेच्या काही राज्यांत सरकारी मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी गाडी लावता येते. इथे जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, म्हणून मुक्काम रोज आधीच ठरलेला असावा. पर्याय तीन. राज्याची उद्यानं, ज्यांना प्रवेशाचा वेगळा परवाना लागतो. बेसीसारखे जंगलातले कॅम्पग्राउंड. आणि मला सर्वांत आवडणारे, लहान गावांचे सार्वजनिक बगीचे किंवा काउंटी जत्रेची मैदानं. तिथे अनेक ठिकाणी वीज-पाणी असतं, कुणी माणूस नसतो, पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे. म्हणून पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. हायवे २ ला चिकटून रेल्वेमार्ग आहे आणि वायोमिंगच्या कोळशाच्या मालगाड्या रात्रभर भोंगा देत जातात. झोप हलकी असेल तर कानात कापूस घाला, किंवा मेरिट जलाशयावर दोन रात्री काढा. तिथलं आकाश इतकं काळं आहे की हौशी खगोलप्रेमी दर उन्हाळ्यात 'नेब्रास्का स्टार पार्टी' तिथे भरवतात.

थेडफर्डहून मलनला जाताना घड्याळ एक तास मागे जातं, व्हॅलेंटाइनला पुन्हा पुढे येतं. पंपाची, कॅफेची, उद्यानाच्या कार्यालयाची वेळ विचारताना कुठली वेळ तेही विचारा.

कुंपण, फाटक आणि गुरं

डांबर सोडून गवतावर चाक घालू नका. वाळूत गाडी रुतते हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. या टेकड्या गवताच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. चाकाने मुळं उखडली की वारा तिथली वाळू उपसायला लागतो आणि खड्डा वाढत जातो. इथली माणसं त्याला 'ब्लोआउट' म्हणतात आणि तो भरून यायला वर्षं जातात.

फाटक ज्या स्थितीत दिसेल त्याच स्थितीत ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. उघडं फाटक बहुधा गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ठेवलेलं असतं. परवानगीशिवाय आत मात्र जाऊच नका. रस्त्यात आडवे लोखंडी पाइप टाकलेला खड्डा दिसेल, तो 'ऑटोगेट'. गाडी जाते, गुरांचे पाय अडतात. त्यापुढे गुरं मोकळी रस्त्यावर असू शकतात. वेग कमी करा.

कळप रस्त्याने येत असेल तर थांबा. भोंगा नको, दिव्यांची उघडझाप नको. घोड्यावरचा किंवा चारचाकीवरचा माणूस हाताने सांगेल तेव्हाच हळूहळू पुढे जा. एकटं बसलेलं वासरू टाकून दिलेलं नसतं, आई जवळपास चरत असते आणि ती अंगावर येऊ शकते.

माणसांशी

समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरून एक-दोन बोटं उचलेल. तुम्हीही उचला. मागे पिकअप साचले की सुरक्षित रुंद जागा बघून त्यांना पुढे जाऊ द्या, ते कामावर निघालेले असतात.

रँचवाल्याशी बोलणं झालं तर 'गुरं किती?' आणि 'एकर किती?' हे दोन प्रश्न विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत, असं विचारल्यासारखं ते होतं. पाऊस कसा झाला, गवत कसं आलं, गंजी किती दिवस पुरेल, यावर माणसं भरभरून बोलतात. गुरांच्या लिलावाच्या दिवशी बाजाराच्या आवारात जाऊन बसा. बघायला सहसा मनाई नसते आणि तिथल्या कॅफेत 'पाय' चांगला मिळतो. मेरिमनजवळचं बोरिंग रँच आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे जुनं रँचघर आतून पाहता येतं. या घरच्या ईव्हा बोरिंग १९५४ मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये नेब्रास्काच्या पहिल्या महिला सेनेटर झाल्या.

एक दुपार 'टँकिंग'साठी राखून ठेवा. गुरांना पाणी पाजायच्या मोठ्या गोल डोणीत बाकं टाकलेली असतात, त्यात बसून नदीच्या प्रवाहाबरोबर वाहत जायचं. मलन आणि व्हॅलेंटाइन इथे भाड्याने मिळते. पोहता येत नसलं तरी लाइफजॅकेट घालून दोघांना आरामात जमतं.

वारा, गारा आणि आग

उंच गाडीला आडवा वारा ढकलतो. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैलांवर गेले की गावात थांबून राहा. झोपताना आणि गाडी सोडून जाताना ऑनिंग आत घ्या, एका झोतात ती मोडते. बॅटरीचा हवामान रेडिओ ठेवा. चक्रीवादळाचा (टोर्नेडोचा) इशारा आला तर मोटरहोममध्ये थांबू नका, गावातल्या पक्क्या इमारतीत जा. मुक्कामाला पोचताच ती इमारत कुठली ते विचारून ठेवा.

वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका, सायलेन्सरची उष्णता पुरेशी असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅल्सीजवळ लागलेल्या बोवी आगीत बेसी जंगलाचा मोठा भाग आणि तिथल्या मुलांच्या शिबिराच्या इमारती जळाल्या. आग विझवायला धावणारेही आजूबाजूचे रँचवालेच असतात.

नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, शिवाय एक कागदी नकाशा. नेहमीची औषधं सफरीपेक्षा आठवडाभर जास्त. रस्त्याकडेच्या मैलाच्या पाट्यांवर लक्ष ठेवा, आणीबाणीच्या ९११ ला फोन लागला तर जागा सांगायला तोच आकडा कामी येतो.

गाडी परत करताना

शेवटची रात्र गाडी परत करायच्या गावाजवळच काढा. तिथेच दोन्ही टाक्या सोडा, पेट्रोल आणि गॅस करारात लिहिल्याप्रमाणे भरा. मसाल्याचा वास जायला आदल्या दुपारी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून ओटा साबणाच्या पाण्याने पुसा. छताचे आणि बाजूंचे फोटो घेऊन मगच किल्ली द्या, घेतानाही तेच फोटो काढलेले असले पाहिजेत.