शृंगारिक प्रणयकथा लिहिणाऱ्याने आपले काम कसे करावे

शृंगारिक प्रणयकथा लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमके काय लिहिणार आहोत हे स्वतःशी पक्के करावे, कारण या प्रकाराच्या दोन्ही बाजूंना असे लेखन आहे की ज्याच्याशी त्याची गल्लत सहज होते. एका बाजूला साधी प्रणयकथा आहे; तिच्यात शरीरसंबंधाचे वर्णन आले तरी ते गाळून कथा पुढे जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला निव्वळ कामकथा आहे. तिला प्रेमाची किंवा दोघांच्या पुढच्या आयुष्याची गरज नसते. शृंगारिक प्रणयकथेत मात्र दोघांचे नाते शय्येवरच घडते, बिघडते आणि जुळते, आणि ती दोघे शेवटी एकमेकांची होतील या भरवशावर वाचक पुस्तक हाती घेतो. त्यामुळे आराखडा करताना प्रत्येक प्रणयदृश्यापुढे एक वाक्य लिहून ठेवावे: या प्रसंगाआधी ही दोन माणसे एकमेकांविषयी काय मानत होती आणि प्रसंगानंतर काय मानू लागली. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ते दृश्य अजून सुचलेलेच नाही, असे समजावे. माझ्या पहिल्या हस्तलिखितात अशी अकरा दृश्ये होती. त्यांपैकी चारच दृश्यांपुढे मला असे वाक्य लिहिता आले. उरलेली सात मी काढून टाकली तेव्हा कथेचा एकही दुवा तुटला नाही.

या कामाची जुनी आणि अतिशय उपयुक्त अवजारे आपल्याजवळ आहेत, आणि ती केवळ परीक्षेपुरती पाठ करून सोडून देण्यासारखी नाहीत. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रती म्हणजे प्रेमभाव हा शृंगाराचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी कायम असणारा भाव मानला आणि शृंगाराची संभोग म्हणजे मीलन व विप्रलंभ म्हणजे विरह अशी दोन अधिष्ठाने सांगितली. विप्रलंभ म्हणजे दूर गेलेल्या प्रियकराची वाट पाहणे एवढेच नव्हे. एकाच खोलीत बसूनही मनातले बोलता न येणे हाही विप्रलंभच आहे, आणि शृंगारिक कादंबरीतील बहुतेक पाने याच अवस्थेत जातात. त्याच ग्रंथात स्तंभ (खिळून जाणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणे), अश्रू आणि प्रलय (भान हरपणे) असे आठ सात्त्विक भाव दिले आहेत. अंतःकरणात काही हलल्यावाचून ते शरीरावर उमटत नाहीत. दृश्य लिहिण्यापूर्वी प्रत्येक पात्रासाठी यांतला एक भाव निवडावा आणि त्याच्याभोवती दृश्य बांधावे. ज्याचा आवाज कधीही चढत-उतरत नाही अशा माणसाचा स्वर एका शब्दावर फाटला, तर त्या एका क्षणाने जे साधते ते दोन पाने अवयवांची वर्णने करून साधत नाही.

जवळीक कोणत्या क्रमाने वाढते याचाही अभ्यास करावा. प्राणिशास्त्रज्ञ डेझमंड मॉरिस यांनी १९७१ साली माणसांमधील जवळिकीच्या बारा पायऱ्या मांडल्या. शरीरावर पडलेली नजर, मग नजरेला नजर, मग आवाज, मग हातात हात, खांद्याभोवती हात, कमरेभोवती हात, चुंबन, डोक्यावरून फिरणारा हात, अशी ती चढण शेवटी संभोगापर्यंत जाते. प्रणयकथा लिहिणारे अनेक जण ही यादी जवळ ठेवतात, आणि मलाही ती उपयोगी पडते. मात्र ती इमानाने पाळण्यासाठी नव्हे, कोठे थांबावे आणि कोठे उडी घ्यावी हे ठरवण्यासाठी. हातात हात घेण्याच्या पायरीवर कथा साठ पाने थांबवता येते, आणि ती साठ पाने वाचकाला असह्य गोड वाटू शकतात. उलट ज्यांची शरीरे आधी भेटली आणि ज्यांना नजरेला नजर देणे मात्र महिनोन्महिने जमले नाही, अशा दोघांची कथा पायऱ्या उलट्या लावून लिहिता येते. पायरी गाळली तर वाचकाला धक्का बसतो; तो धक्का हवा असेल तरच ती गाळावी.

इच्छेविषयी आपल्या मनात बसलेले समजही तपासून घ्यावेत. जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन या संशोधकांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार माणसाच्या कामभावनेत एक यंत्रणा वेग वाढवणारी आणि दुसरी ब्रेक लावणारी असते, आणि दोन्ही एकाच वेळी काम करत असतात. नवखा लेखक फक्त वेग वाढवत राहतो: सुंदर देह, पाऊस, एकांत. दृश्य जिवंत होते ते ब्रेकमुळे. उद्याची चिंता, जुन्या नात्यातील अपमान, स्वतःच्या शरीराची लाज, शेजारच्या खोलीत जागे असलेले कोणी, हे ब्रेक कागदावर आधी मांडावेत आणि समोरचे माणूस त्यांतला कोणता ब्रेक कसा सोडवते तेच दृश्याचे कथानक करावे. संशोधक रोझमेरी बॅसन यांनी २००० साली असे मांडले की अनेक स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आधी आणि स्पर्श नंतर असा क्रम नसतो. जवळीक, विश्वास आणि स्पर्श यांतून इच्छा मागाहून जागी होते. दीर्घ सहवासातील जोडप्यांच्या कथा लिहिताना ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली.

आता शब्दांकडे येतो, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. शरीरसंबंधाबद्दल आपल्याजवळ एक शब्दसंग्रह संस्कृत आणि वैद्यकाचा आहे, तो थंड आहे; दुसरा शिव्यांचा आहे, तो ओरबाडणारा आहे; तिसरा फुलांचा, कळ्यांचा आणि भुंग्यांचा आहे, आणि तो वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून काहीच दिसत नाही. यांपैकी एकच संग्रह निवडून संपूर्ण पुस्तक त्यात लिहू नये. नामांऐवजी क्रियापदांवर भर द्यावा. मराठीची क्रियापदे या कामात विलक्षण समृद्ध आहेत. शहारणे, मोहरणे, विरघळणे, बिलगणे, थरथरणे, सैलावणे, कवटाळणे या प्रत्येकात एक वेगळी गती आहे, आणि योग्य क्रियापद मिळाले की अवयवाचे नाव घेण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. शरीर, देह, काया आणि अंग हे शब्दही एकाच वजनाचे नाहीत. शरीर तपासणीच्या टेबलावर असते, देह नश्वर असल्याची आठवण करून देतो, काया कवितेत शोभते. अंग मात्र घरातले आहे. अंग चोरणे, अंग सैल सोडणे, अंगावर काटा येणे हे प्रयोग उच्चारताच वाचकाच्या स्वतःच्या शरीरात काहीतरी घडते.

सर्वनामांचा असाच विचार करावा. 'तुम्ही' म्हणणारी व्यक्ती ज्या क्षणी 'तू' म्हणते तो क्षण मराठी कादंबरीत चुंबनाहून मोठा असू शकतो, आणि असे सामर्थ्य सगळ्याच भाषांना लाभलेले नाही. हा बदल कोणत्या पानावर होणार हे आधीच ठरवावे आणि तोपर्यंत एकदाही चुकू नये. दोन स्त्रियांची किंवा दोन पुरुषांची कथा लिहिताना 'तिने तिचा हात धरला' या वाक्यात हात कोणाचा हे वाचकाला थांबून शोधावे लागते. तेथे 'आपला' आणि 'तिचा' यांतील फरक कटाक्षाने पाळावा, किंवा नावे वापरावीत. शेवटी सगळे दृश्य मोठ्याने वाचावे. जेथे आपली जीभ अडखळते किंवा आवाज आपोआप लहान होतो, तेथे शब्द खोटा आहे की आपण संकोचतो आहोत, याचा प्रामाणिकपणे निवाडा करावा. शब्द खोटा असेल तर तो बदलावा, आणि संकोच आपला असेल तर शब्द तसाच ठेवावा.

संमती हा कथेबाहेरचा नियम म्हणून लिहू नये. पात्रे प्रौढ असावीत, आणि त्याबाबत कथेत कोठेही संदिग्धता ठेवू नये. त्यापुढे, 'थांबू का?' या प्रश्नात किती ओढ भरता येते हे लिहून पाहावे. ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला किंमत असते, म्हणून निदान एका दृश्यात कोणीतरी खरोखर थांबावे आणि त्या थांबण्यामुळे दोघे अधिक जवळ यावेत. गर्भनिरोधनाचा उल्लेखही असाच सहज यावा. काळजी घेणारा हात वाचकाला आवडतो.

दिनक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. मनःस्थितीची वाट पाहू नये. ठरलेल्या वेळी, दार लावता येईल अशा ठिकाणी बसावे. प्रणयदृश्याचा पहिला मसुदा शक्यतो एका बैठकीत संपवावा, परंतु त्याच दिवशी तो दुरुस्त करू नये, कारण त्या दिवशी आपण कागदावरचे न वाचता मनातले वाचतो. दुरुस्ती करताना कोणाचा हात कोठे आहे, कोणते वस्त्र केव्हा उतरले, दिवा चालू आहे की बंद, याचा छोटा तक्ता करावा. तिसरा हात उगवण्याची चूक अनुभवी लेखकांकडूनही होते. सलग तीन दिवस अशीच दृश्ये लिहिली तर मन बधिर होते, म्हणून मध्ये भांडणाची, प्रवासाची, कामाच्या ठिकाणची प्रकरणे घ्यावीत. लेखिका आनाइस निन यांनी १९४० च्या दशकात एका अनामिक संग्राहकासाठी पानाला एक डॉलर या दराने कामकथा लिहिल्या, आणि त्याचा निरोप असा असे की काव्य गाळा आणि फक्त संभोगाचे लिहा. त्या कथा त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ सालापासून पुस्तकरूपाने आल्या आणि वाचल्या गेल्या, त्या निन यांच्या लेखणीला काव्य पूर्णपणे गाळता आले नाही म्हणून, असे माझे मत आहे. संपादकाने किंवा बाजाराने असाच आग्रह धरला तर हे लक्षात ठेवावे.

टोपणनाव घ्यायचे असेल तर पहिली कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी घ्यावे, आणि त्यासाठी ईमेल व समाजमाध्यमांवरील खाती वेगळी ठेवावीत. नंतर नाव झाकणे जवळजवळ अशक्य असते. करारावर आणि बँकेत मात्र खरेच नाव लागते, म्हणून प्रकाशकाकडून गोपनीयतेचे कलम लेखी घ्यावे. पहिले वाचक दोनच असावेत, आणि त्यांना 'आवडले का' असे विचारण्याऐवजी 'कोठे पाने न वाचताच उलटावीशी वाटली' असे विचारावे. 'हे सगळे तुमच्या अनुभवातले आहे का' हा प्रश्न प्रत्येकाला ऐकावा लागतो. खून लिहिणाऱ्याला तो कोणी विचारत नाही, तरी चिडू नये आणि खुलासेही देऊ नयेत. जोडीदाराशी मात्र याबाबत स्वच्छ बोलून घ्यावे. तुमच्या दोघांमधील कोणती गोष्ट कधीही कागदावर येणार नाही, हे त्याने किंवा तिने ठरवावे, आणि हस्तलिखित बाहेर पाठवण्यापूर्वी ते त्या माणसाला एकदा वाचू द्यावे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतील एक परिच्छेद असाच वाचून झाल्यावर माझ्यासमोर शांतपणे परत ठेवण्यात आला. तो पुस्तकातील सर्वांत चांगला परिच्छेद होता, आणि मी तो काढला.