ब्लेंडरमध्ये दूधसागरचं रान

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गोव्यातल्या कुळ्याकडून दिसणारा दूधसागर धबधबा रेंडर करताना, म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र बनवताना, ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरायची आणि काम मध्येच बंद. झाडं लाखांत! जिओमेट्री नोड्समधला (नोड म्हणजे ठोकळे जोडून आकार रचायची सोय) ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ हा नोड काढला, सुटलं. तो नोड प्रत्येक झाडाची खरी प्रत बनवतो. नसला की चार-पाच झाडंच मेमरीत, बाकीच्यांची फक्त जागा, कोन, आकार.

जमिनीच्या उंचीसाठी २००० सालच्या एसआरटीएम या अवकाशातून रडारनं उंची मोजणाऱ्या मोहिमेचा डेटा होता. साधारण ३० मीटरला एक बिंदू, म्हणून ३१० मीटरांचा कडा वितळलेल्या लोण्यासारखा दिसे. तेवढा हातानं कोरला, कंटाळवाणं काम. धुक्यासाठी व्हॉल्यूम (दृश्याच्या हवेत खरंच भरलेलं धुकं) वापरला तर रेंडर रांगतं. मी मिस्ट पास (काय किती लांब ते दाखवणारा करडा थर) कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरनंतर थर एकत्र करायच्या भागात, चढवतो. उन्हाच्या तिरिपा हव्या असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही.