लहान लाटांसाठी सर्फबोर्ड निवडताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी एकाही जिल्ह्याला समुद्र नाही. तरी भुसावळ-जळगावहून मंगला एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता कोकण रेल्वेने उडुपी, मंगळूर गाठता येतं आणि या दोन शहरांच्या मधलं मुल्की हे देशातल्या सर्फिंगचं जुनं ठिकाण आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत आपल्याकडची पोरं तिकडे जाऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पावसाळा सरल्यावर पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र निवळतो. लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. अशा वेळी बोर्ड चुकीचा निवडला तर सगळी सुट्टी बोर्डावर पालथं झोपून पाण्यात हात मारण्यातच जाते.

सगळ्यात जवळचा समुद्र सुरतचा, म्हणून तिथेच सुरुवात करू, असं बरेच जण म्हणतात. ते करू नका. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरचा असतो. ओहोटीला पाणी लांब आत जातं, मागे चिखल उरतो आणि ओढ जोरदार असते. तिथे कोणताही बोर्ड उपयोगाचा नाही.

लाट अर्धी झाली की जोर पावपट होतो

लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चार फुटांच्या लाटेत जेवढा जोर असतो, त्याचा चौथा हिस्साच दोन फुटांच्या लाटेत उरतो. ती लाट तुम्हाला ढकलेल, ही अपेक्षाच ठेवू नये. कमी पडलेला जोर बोर्डाने भरून काढायचा असतो. त्यासाठी त्याला पाण्यावर टेकायला भरपूर पृष्ठभाग लागतो आणि खालची बाजू सपाट लागते.

सर्वाधिक चुका इथेच होतात. व्हिडिओत दिसतो तसा सहा फुटांचा, टोकदार, पातळ बोर्ड मागितला जातो. स्पर्धेत उतरणारा ७०-७५ किलोचा सर्फर साधारण २६ ते ३० लिटर आकारमानाचा बोर्ड वापरतो, कारण त्याला मिळणारी लाटच बोर्ड पळवते. आपण तापीत पोहलेले, तालमीत घाम गाळलेले. आंगमा जोर शे ना, मग काय अडचण, असं वाटणं साहजिक आहे. पण दंडातला जोर लाट पकडेपर्यंत कामी येतो. उभं राहिल्यावर बोर्ड बुडायला लागला तर तो जोर काही करू शकत नाही.

नवशिक्याने किलोमध्ये जेवढं वजन, निदान तेवढे लिटर धरावेत आणि त्याहून थोडे जास्तच घ्यावेत. आठ फुटांचा सॉफ्ट टॉप, म्हणजे वरून मऊ फोम असलेला बोर्ड, साधारण ७० ते ९० लिटरचा असतो. बहुतेकांसाठी सुरुवातीचा योग्य बोर्ड तोच. ज्यांना लाटेवर उभं राहून वळता येतं, त्यांनी नऊ फुटांचा लाँगबोर्ड किंवा रुंद फिश घ्यावा. हा फिश १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोत स्टीव्ह लिस यांनी गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी घडवला होता. आखूड, रुंद आणि शेपटीला खोल खाच, असा त्याचा आकार. लहान लाटेत तो छान धावतो, पण पहिल्याच सुट्टीत तो घेऊ नका. आखूड असल्याने नवख्याच्या पायाखाली तो स्थिर राहत नाही. आणि लाट गुडघ्याच्याही खाली असेल तर माझं मत ठाम आहे: लाँगबोर्ड, दुसरं काही नाही.

नुसते लिटर पाहणं

दोन बोर्ड ४० लिटरचेच असू शकतात. एक जाड आणि अरुंद, दुसरा पातळ आणि रुंद. जाडी वाढवून लिटर भरलेला बोर्ड तरंगतो, पण पाण्यावर घसरत नाही आणि वळवताना त्याची कड पाण्यात शिरायला कुरकुर करते. लहान लाटेत मोल आहे ते रुंदीला, विशेषतः शेपटीकडच्या. तिथे रुंद असलेल्या बोर्डाला लाट मागून उचलू शकते. निमुळती शेपटी मोठ्या, उभ्या लाटेत पकड देते. इथे ती रुतून बसते.

रुंदीइतकाच रॉकर महत्त्वाचा, आणि त्याकडे तर कुणी बघतच नाही. रॉकर म्हणजे बोर्डाचा पुढून-मागून वर उचललेला बाक. रावेर-यावलच्या केळीसारखा वाकलेला बोर्ड लहान लाटेत समोरचं पाणी नुसतं ढकलत राहतो. तपासायला सोपं आहे. सतरंजी अंथरून त्यावर फिन (बोर्डाच्या तळाशी शेपटीकडे बसवलेला पंख) काढलेला बोर्ड वरची बाजू वर करून ठेवा, खाली वाकून एका बाजूने पाहा आणि मधला किती भाग जमिनीला टेकतो ते बघा. सारख्याच लांबीचे दोन बोर्ड असतील तर ज्याचा मधला भाग जास्त टेकतो तो घ्या. पुढच्या टोकाला थोडा उठाव मात्र हवाच, नाहीतर ते पाण्यात घुसतं.

फिनची गोष्ट

तीन फिनची रचना सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८० मध्ये आणली आणि आज ती जवळपास सगळीकडे दिसते. तिच्यात पकड चांगली मिळते, पण प्रत्येक फिन पाणी अडवतो. फिशला दोन रुंद फिन आणि लाँगबोर्डला एक, एवढं लहान लाटेत पुरतं.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वा-दीड पट खोलीच्या पाण्यात फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच-तीन फूट पाण्यात. लाँगबोर्डचा फिन नऊ-दहा इंचांचा असू शकतो. काठापर्यंत उभं राहून आलात तर तो वाळूत अडकेल आणि तुम्ही पुढे फेकले जाल. आधीच उतरा. पडताना कधीही डोक्यावर पडू नका, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडा. लाट लहान म्हणून मानेला धोका कमी, असं नसतं. पाणी उथळ असल्याने तो वाढतो.

बोर्ड बदलण्याआधी एवढं पाहा

लाट खालून निघून जाते? तुम्ही फार मागे झोपला आहात. चार बोटं पुढे सरका. स्थिर पाण्यात बोर्डाचं टोक दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. टोक बुडतं? थोडं मागे या आणि हात आधीपासून मारायला घ्या. लाट मिळाली, उभे राहिलात आणि दोन क्षणांत बोर्ड थांबला? वजन मागच्या पायावर आहे, पुढच्या गुडघ्यावर झुका. हे करूनही जमलं नाही, तरच बोर्डाला दोष द्या. दुपारचा वारा पाणी विस्कटून टाकतो, म्हणून सकाळीच पाण्यात उतरा.

गिरणा, हतनूर किंवा वाघूरच्या जलाशयात बोर्ड तपासून घ्यावा, असंही सुचवलं जातं. परवानगी असेल, अंगात लाइफ जॅकेट असेल आणि सोबत कुणी असेल तर हात मारण्याचा आणि तोल साधण्याचा सराव तिथे उत्तम होतो. पण त्यावरून बोर्ड लाटेत कसा चालेल हे कळत नाही. शिवाय खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रात तोच बोर्ड किंचित जास्त तरंगतो.

बोर्ड घरी आणला तर

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार न करता विकत घेतलेला बोर्ड दुसऱ्या वर्षी वापरता येईलच, असं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत तापमान त्याहून कितीतरी जास्त. एपॉक्सी बोर्डाच्या आत थर्माकोलच्या जातीचा फोम असतो. त्यातली हवा तापून फुगते आणि वरचा थर फोमपासून सुटतो. दाबून पाहिलं तर फुगवटा हाताला लागतो. गच्ची, शेड आणि गाडी तिन्ही टाळा. तळमजल्यावरची आतली खोली निवडा आणि फिकट रंगाच्या कापडात गुंडाळून बोर्ड कडेवर आडवा ठेवा. होळीच्या आधी जुनं वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासलेलं मेण, खरवडून काढा, नाहीतर ते वितळून सगळीकडे पसरतं. वॅक्सही गरम पाण्यासाठीचंच घ्या. थंड समुद्रासाठी बनवलेलं आपल्या किनाऱ्यावर वितळतं.

नऊ फुटांचा बोर्ड रेल्वेच्या डब्यात बसत नाही. तो सामानाच्या डब्यातून पाठवावा लागतो आणि चढ-उतारात आपटतो. वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर तिथेच भाड्याने घ्या. निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून आपलं वजन सांगा आणि लांबी, रुंदी, फिन किती, लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) बोर्डाच्या लांबीएवढी आहे का, हे विचारा. दिवाळीत मोठे सॉफ्ट टॉप सगळ्यात आधी संपतात.