सॅटिनच्या बुटांवरचे खडे गळत होते, ते असे टिकले

साध्या सॅटिनच्या बुटांवर चपट्या पाठीचे खडे लावले की वधूचे बूट कमी खर्चात सजतात. पण पाऊल वाकतं तिथले खडे आधी गळतात. माझेही तिथलेच गळले, आणि दोष गोंदाचा होता. ग्लू गनचा, म्हणजे वितळवून लावायचा गोंद गुळगुळीत सॅटिनमध्ये मुरत नाही, खड्यासकट सोलून निघतो. सुपरग्लू वाळल्यावर ठिसूळ होतो आणि बूट वाकला की तडकतो. शिवाय त्याच्या वाफेने खड्यावर पांढुरकी झाक बसते, ती तर सगळी शोभाच घालवते.

वाळूनही लवचिक राहणारा बी-७००० गोंद वापरला आणि प्रश्न सुटला. आधी जुना गोंद खरवडला. ४ मिमीच्या खड्याला मोहरीएवढा थेंब पुरतो. थेंब टाकून मिनिटभर थांबायचं, गोंद चिकट झाला की चिमट्याने खडा ठेवून हलकेच दाबायचा. कडेने केसाएवढी रेघ दिसली तर प्रमाण बरोबर. बाहेर ओघळला तर लगेच टूथपिकने टिपा, वाळल्यावर डाग जात नाही. मग पूर्ण ४८ तास बूट घालून पाहायचे नाहीत. हा धीर नसतो म्हणूनच बरेच खडे निघतात.

वाकणाऱ्या भागावर २-३ मिमीचेच खडे, तेही थोडं अंतर सोडून लावा. मोठे हवेच असतील तर भोकाचे घेऊन दुहेरी दोऱ्याने शिवा.

केसांच्या कंगव्यावरच्या मोत्यांना मात्र गोंद नकोच. मोती ओवलेली ०.३ मिमीची तार प्रत्येक दात्याभोवती दोनदा गुंडाळा, टोक वरच्या बाजूला दाबा, नाहीतर टाळूला टोचतं.