लॅपटॉप किती वर्षं चालेल? घरीच तपासा

दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : चार-पाच वर्षं. ते खोटं नाही, पण सगळे भाग एकदम थकत नाहीत. आधी बॅटरी जाते, मग पंखा कुरकुरतो, मग डिस्क मंदावते आणि शेवटी सॉफ्टवेअर साथ सोडतं. म्हणून एकेक भाग तपासा.

आधी बॅटरी बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. तयार झालेली फाइल कुठे आहे ते खालीच दिसतं. त्यातले दोन आकडे बघायचे : डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली). पहिला 45,000 आणि दुसरा 30,000 असेल तर बॅटरीचा एक तृतीयांश जीव गेला. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येते. काही लॅपटॉपमध्ये हा आकडा 1000 पर्यंत असतो.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. लगेच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुकानात न्या. ती बॅटरी दाबू नका, टोचू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.

मग उष्णता. आपल्याकडे खरी गोम इथे आहे. अनेक कंपन्या लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं सांगतात, आणि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. बॅटरीला सगळ्यात जास्त मारतं ते उष्णता आणि 100 टक्के चार्ज हे दोन्ही एकत्र. लाईट कधी जाईल याचा नेम नसल्याने आपण चार्जर लावूनच ठेवतो. सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती उन्हाळ्यात चालू ठेवा. वळवाचं वातावरण दिसलं की तेवढ्यापुरतं पूर्ण भरून घ्या आणि विजा कडाडायच्या आत प्लग काढा.

गादीवर, गोधडीवर ठेवून काम करू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. कूलरच्या थेट झोतातही नको. ती हवा दमट असते, कधीकधी पाण्याचे थेंबही येतात.

धूळ. सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि रस्त्याचा फुफाटा पंख्यात जाऊन बसतो. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याआधी, उघडून साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं धरून ठेवायला सांगा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडतं. दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलून टाका.

अर्थिंग. चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीवर हाताला मुंग्या येतात का? बहुधा घराचं अर्थिंग नीट नाही, किंवा तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या सॉकेटात घातलाय. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. बहुतेक चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाची फार चिंता नको. लाईट परत येतानाचा झटका मात्र वाईट. सर्ज प्रोटेक्टर लावा.

डिस्क आणि विंडोज. जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाका. एवढ्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या.

विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. हे नसेल तर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून बघा. फॉर्म भरणं, मेल, लातूरच्या क्लासचे व्हिडिओ एवढ्यासाठी ते पुरतं. टॅलीवर काम असेल तर मात्र विंडोजच हवं.

शेवटी हिशोब. बॅटरी, एसएसडी, साफसफाई यांवर सहाव्या-सातव्या वर्षीही खर्च करायला हरकत नाही. पाच वर्षांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्याजवळ गेला, तर डिस्क काढून घ्या आणि नवा बघा.